गोरेपणाची सुई आणि पेशींतला गंधक

तुळशीचे लग्न लागले की कार्यालयांच्या तारखा निघतात, सोनाराकडे वर्दळ वाढते, आणि अलीकडे त्याच सुमारास तालुक्याच्या गावांतूनदेखील एक नवी जाहिरात भिंतींवर आणि मोबाइलवर झळकू लागते. नववधूंसाठी खास ग्लुटाथायोन ड्रिप! इतक्या सुयांचा एक संच, तितक्यांचा दुसरा, आणि मैत्रिणीला बरोबर आणलेत तर सवलत. पूर्वी नवरीला हळद लावीत. हळदीने कोणी गोरे होत नाही हे हळद लावणाऱ्या आत्याबाईंनाही ठाऊक असे. तो कौतुकाचा भाग होता. आता नवरीच्या शिरेत सुई खुपसून वर बाटली टांगतात, आणि ह्या प्रकारात कौतुकाचा अंशही नसतो. असते ती फक्त भीती. मुलगी सावळी आहे, फोटोत कशी दिसेल, सासरची माणसे काय म्हणतील, ही ती भीती. ती घरातल्यांनी पेरायची, आणि पीक दुसऱ्याच कोणी कापून न्यायचे, असा हा व्यवहार आहे.

ह्या व्यवहाराचा मला राग येतो, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण मुलींचे. मी शाळेत शिकवते. आठवी-नववीतल्या मुली आपल्या मनगटाचा रंग शेजारणीच्या मनगटाशी लावून पाहताना मला रोज दिसतात. दुसरे कारण ऐकून कदाचित हसू येईल. ज्या द्रव्याच्या नावाने हा बाजार मांडला आहे, ते द्रव्य इतके थोर आहे, आपल्या शरीरात ते इतके निमूटपणे आणि इतके मोलाचे काम करीत असते, की त्याला पावडर-लालीच्या फळीवर बसवलेले पाहून मला त्याचा अपमान झाल्यासारखे वाटते. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. तरी जे मला चार पुस्तके वाचून समजले, ते सुई टोचणाऱ्या पदवीधरांना समजले नसेल असे मी मानत नाही. त्यांना समजलेले असते. ते सांगत नाहीत एवढेच. म्हणून मी सांगते.

गंधक म्हटले की आपल्याला फटाक्यांची दारू आठवते, नाहीतर वज्रेश्वरीची उन्हाळी आठवतात. पिवळा, उग्र वासाचा, खरजेवरच्या मलमात घालायचा पदार्थ, एवढीच त्याची आपल्या घरातली ओळख. पण आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत गंधक आहे, आणि तो तिथे पहाऱ्यावर आहे. 1888 साली द रे-पेयाद नावाच्या एका फ्रेंच शास्त्रज्ञाला यीस्टच्या अर्कात असे काहीतरी आढळले, की ज्यात गंधकाची पूड टाकताच सडक्या अंड्याच्या वासाचा वायू निघू लागे. त्याने त्या अनोळखी द्रव्याला नाव दिले फिलोथायॉन, म्हणजे गंधकाचा प्रेमी. नाव काव्यमय होते, पण शास्त्रज्ञांनी ते फारसे मनावर घेतले नाही. पुढे 1921 मध्ये केंब्रिजच्या फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स ह्यांनी ते द्रव्य वेगळे काढले आणि त्याला ग्लुटाथायोन म्हटले. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल ज्यांना 1929 चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेच हे हॉपकिन्स. प्रथम त्यांना वाटले की ह्या रेणूत दोनच दुवे आहेत. मग 1929 मध्ये ठरले, की दुवे तीन आहेत: ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसीन. ह्यांपैकी सिस्टीनमध्ये गंधकाचा अणू असतो, आणि सारी करामत त्या एका अणूची आहे.

ही करामत काय, ते जरा सावकाश सांगावे लागेल. धुरातून, रंगांतून, औषधांतून, फवाऱ्यांतून, दारूतून, अगदी करपलेल्या अन्नातूनसुद्धा आपल्या शरीरात नाना पदार्थ जातात. त्यांतले काही आधीच घातक असतात. काहींना यकृत बाहेर काढण्यासाठी हात लावते आणि त्या खटपटीत ते घातक बनतात. घातक म्हणजे काय? तर त्यांच्या रेणूंना इलेक्ट्रॉनांची भूक लागलेली असते. ती भूक भागवायला ते समोर येईल त्याला चिकटतात. पेशीतल्या प्रथिनांना चिकटतात, आणि आनुवंशिक सूत्रे ज्यावर लिहिलेली आहेत त्या डीएनएलाही चिकटतात. एकदा चिकटले की ते प्रथिन निकामी होते, ती अक्षरे पुसली जातात. अशा वेळी ग्लुटाथायोन पुढे होते. त्याच्या गंधकाकडे इलेक्ट्रॉनांची श्रीमंती असते, म्हणून भुकेला रेणू इतर कोणाला धरण्यापूर्वी त्यालाच धरतो. ही गाठ लवकर पडावी म्हणून ट्रान्सफरेझ जातीची विकरे मध्यस्थी करतात. गाठ पडली की त्या जोडगोळीला पेशी बाहेर ढकलते, आणि ती पित्तातून किंवा, थोडे रूप पालटून, लघवीतून निघून जाते.

विष जाते, आणि त्याच्याबरोबर ग्लुटाथायोनचा रेणूही जातो. तो परत येत नाही. पेशीला पुन्हा सिस्टीन मिळवून, शक्ती खर्च करून नवा रेणू घडवावा लागतो. म्हणजे विषाच्या प्रत्येक रेणूमागे घरचे एक माणूस खर्ची पडते. "शरीराला सवय होते हो!" असे कारखान्याच्या धुराबद्दल आणि नाल्याच्या पाण्याबद्दल जे सहजपणे म्हटले जाते, ते म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून पाहावा. शरीराला सवय होत नाही. शरीर खर्च करीत असते, आणि शिल्लक आहे तोवर बाहेरून काही दिसत नाही.

ही शिल्लक संपते तेव्हा काय होते, हे आपल्या घरातल्या औषधाच्या डब्यातच पाहता येते. तापावर आपण पॅरासिटामॉलची गोळी घेतो. योग्य प्रमाणात ती निर्धोक आहे. तिचा बराचसा भाग यकृत इतर मार्गांनी काढून टाकते. थोडासा भाग मात्र अतिशय घातक रूप घेतो आणि त्याला ग्लुटाथायोन उचलून नेते. धडधाकट मोठ्या माणसाने दिवसाला चार ग्रॅमच्या वर जाऊ नये असे जे सांगतात, त्याच्या मुळाशी हा साठ्याचा हिशोब आहे. 1973 साली अमेरिकेत उंदरांवरच्या प्रयोगांत असे दिसले, की भारी मात्रा दिल्यावर यकृतातल्या ग्लुटाथायोनचा सुमारे 70 टक्के साठा संपेपर्यंत यकृत जवळजवळ शाबूत राहते. त्यापुढे मात्र ते घातक रूप यकृताच्या प्रथिनांना चिकटू लागते आणि पेशी मरू लागतात. माणसातही हेच घडते. गोळ्या अति खाल्लेला रोगी पहिल्या दिवशी बराच बरा दिसतो, आणि त्यातच घात असतो.

आता ह्यावरचा उतारा पाहा. कारण सुईवाल्यांच्या साऱ्या युक्तिवादाची परीक्षा इथेच होते. ग्लुटाथायोन संपले म्हणून रोगी दगावतो, तर रोग्याला ग्लुटाथायोनच का टोचत नाहीत? साधा प्रश्न आहे. डॉक्टर टोचतात ते असेटिलसिस्टीन, म्हणजे गंधकवाल्या त्या एका दुव्याचे औषधी रूप. शक्य तर पहिल्या आठ तासांच्या आत. कारण असे, की पेशी बाहेरचे तयार ग्लुटाथायोन सहसा सबंध आत घेत नाहीत. यकृत तर ते रक्तात सोडणारे इंद्रिय आहे. यकृताच्या पेशीत त्याचे प्रमाण रक्तद्रवाच्या जवळजवळ हजारपट असते. शिरेत टोचलेले द्रव्य काही मिनिटांतच तुटू लागते, त्याचे तुकडे होतात, आणि त्या तुकड्यांतून ज्या पेशीला हवे ती ते पुन्हा जोडते. पैसे मात्र सबंध रेणूचे मोजलेले असतात.

"पण बाई, रंग उजळलेला आम्ही पाहिला आहे," असे कोणी म्हणेल. काहींचा काही दिवस उजळतही असेल. कातडीचा काळा रंग घडवणाऱ्या विकराच्या आड हे द्रव्य येते आणि काळ्याऐवजी पिवळट-तांबूस रंगद्रव्य घडण्याकडे कल वळवते, हे शास्त्राला ठाऊक आहे. प्रश्न किती, किती दिवस आणि कशाच्या बदल्यात, हा आहे. पाकिस्तानात झालेली आणि 2016 साली प्रसिद्ध झालेली शिरेतल्या इंजेक्शनांची एक लहानशी चाचणी आहे. तीत काही स्त्रियांचा रंग थोडा उजळला, सहा महिन्यांत तो फरक बहुतेक ओसरला, काहीजणींच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या आणि एकीला ॲलर्जीचा जीवघेणा झटका आला. यकृताच्या रक्षकाला कातडीच्या कामावर नेमले, आणि त्यात यकृतालाच इजा! फिलिपीन्समध्ये हा धंदा आपल्या कितीतरी आधी फोफावला. तिथल्या औषध प्रशासनाने 2019 साली गोरेपणासाठी हे इंजेक्शन घेणे असुरक्षित आहे असा जाहीर इशारा दिला. आपल्याकडे यकृताच्या काही दुखण्यांसाठी डॉक्टर हे औषध देतात. गोरेपणासाठी त्याला मंजुरी नाही. तरी ते ब्यूटी पार्लरच्या मागच्या खोलीत टोचले जाते, आणि टोचणाऱ्याचे नाव बिलावर नसते.

ज्या काळ्या रंगद्रव्याला घालवण्यासाठी एवढी धडपड, ते तरी काय करीत असते? उन्हातले अतिनील किरण अंगावर झेलून ते पेशीची आनुवंशिक सूत्रे वाचवते. म्हणजे एका रक्षकाला लाच देऊन दुसऱ्या रक्षकाला हाकलून द्यायचे. आणि हे कोणत्या मुलखात? जिथले ऊन वर्षातले आठ महिने भाजून काढते, आणि जिथले सर्वांत लाडके दैवत कमरेवर हात ठेवून, काळेच्या काळे, विटेवर उभे आहे. त्याच्या वारीला जाऊन आलेली माणसे परतताना सुनेसाठी गोरेपणाची ट्यूब घेतात. पांडुरंगालाही एक संच लावून पाहावा, असे अजून कोणाला सुचलेले नाही हे नशीब.

ह्या द्रव्याची निकड खरोखर कोणाला आहे? 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो माणसांना विषबाधा झाली. किमान वीस शेतकरी आणि शेतमजूर त्यात मेले. मोजे नाहीत, मुखवटा नाही, डोक्याएवढे उंच वाढलेले पीक, अंगावर उलटून येणारा फवारा. ही औषधे मुख्यतः मज्जातंतूंवर घाव घालतात. पण त्यांपैकी काही जातींना मोडून काढण्याच्या कामात पेशी हेच गंधकाचे हत्यार वापरते. ते हत्यारही सर्वांकडे सारखे नसते. ट्रान्सफरेझ विकरांपैकी एकाचा जनुक कित्येक निरोगी माणसांत जन्मापासूनच नसतो, आणि ते त्यांना आयुष्यभर ठाऊकही होत नाही. त्यातून माणूस अर्धपोटी असेल तर नवे ग्लुटाथायोन घडवायला लागणारे सिस्टीन यायचे कुठून? अंगावर सूज येणाऱ्या कुपोषणात मुलांच्या रक्तातले ग्लुटाथायोन फार खालावलेले असते, हे जमेकात आणि इतरत्र झालेल्या अभ्यासांत दिसून आले आहे. मेळघाटातल्या कुपोषणाच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो आणि पान उलटतो. त्या मुलांना कोणी ड्रिपचा संच देऊ करीत नाही. त्यांना ड्रिप नकोही आहे. डाळीच्या प्रथिनात गंधकवाले दुवे कमी, ते ज्वारी-बाजरीत, तांदळात आणि तिळात अधिक. म्हणून आमटी-भात किंवा भाकरी-पिठले आणि वर तिळाची चटणी हे जेवण पोटभर मिळाले, कधी अंडे आणि दूध मिळाले, की पेशी आपले रक्षक आपणच घडवते. नवरीच्या सहा सुयांच्या पैशांत असे एक घर किती दिवस जेवेल, हा हिशोब मी पाचवीच्या मुलांना घालू शकेन; पण उत्तर ऐकवणार कोणाला?

सुईबद्दल इतके पुरे. सुई निदान महाग आहे, म्हणून सर्वांच्या हाती लागत नाही. ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी बाजाराने क्रीम ठेवले आहे, आणि काही क्रीमांत पारा असतो. गंधकाच्या गोष्टीत पाऱ्याचा प्रवेश झाला की ती गोष्ट काळी होते.

पारा आणि गंधक ह्यांची ओढ फार जुनी. खलात दोघांना एकत्र घोटले की चकाकी जाते आणि काजळासारखी काळी पूड होते, तिला आपले रसवैद्य कज्जली म्हणतात. पाऱ्याला शंकराचे आणि गंधकाला पार्वतीचे तेज मानणारे ते लोक. त्यांनी ही ओढ पाहिली होती ह्यात शंका नाही. आता एवढ्यावरून पेशीतला ग्लुटाथायोनही त्यांना माहीत होता असे सिद्ध करायला कोणी बसेल, त्याला दिवाळीच्या शुभेच्छा. एकोणिसाव्या शतकात डॅनिश रसायनज्ञ त्साइझे ह्याने गंधक-हायड्रोजनची जोडी असलेल्या एका वर्गाला मर्कॅप्टन हे नाव दिले. त्याचा लॅटिनमधला अर्थच मुळी पाऱ्याला पकडणारा असा आहे. सिस्टीनमध्ये नेमकी हीच जोडी असते. म्हणून पारा शरीरात शिरला की तो ग्लुटाथायोनला मिठी मारतो, आणि विकरांच्या ज्या ज्या कोपऱ्यात गंधक आहे तिथेही जाऊन बसतो. पेशीजवळ धातूंसाठी एक खास प्रथिन आहे, मेटॅलोथायोनिन. घोड्याच्या मूत्रपिंडातून ते 1957 साली प्रथम वेगळे काढले गेले. साठ-एकसष्ट दुव्यांच्या त्या साखळीत 20 दुवे सिस्टीनचे असतात. जणू पाऱ्या-कॅडमियमला पकडायला वीस हातांचा पहिलवान. पण पारा रोज सकाळ-संध्याकाळ, तोंडाला चोळून, महिनोन्‌महिने येत राहिला, तर वीस हातही भरून जातात. आणि शरीरातला पारा सर्वांत जास्त साठतो तो मूत्रपिंडात.

कधी कधी तर रक्षकाचाच हात धरून चोर आत शिरतो. जपानमधल्या मिनामाता गावी 1956 मध्ये माणसे लडखडू लागली, बोबडी बोलू लागली, आंधळी झाली. कारखान्याने उपसागरात सोडलेला पारा सेंद्रिय रूप घेऊन माशांवाटे त्यांच्या पोटात गेला होता. जपानी सरकारने कारखान्याचा दोष मान्य केला तो 1968 मध्ये, बारा वर्षांनी. तो पारा मेंदूत कसा शिरला? सिस्टीनच्या गंधकाला चिकटून. ती जोडी मेथिओनीन ह्या पोषक द्रव्यासारखी दिसते, म्हणून मेंदूचे दार तिला पाहुणी समजून आत घेते. भोपाळच्या 1984 च्या वायूबद्दलही पुढे अमेरिकेत उंदीरवर्गीय प्राण्यांवरच्या प्रयोगांत असेच दिसले. ग्लुटाथायोनशी पडलेली त्याची गाठ सुटू शकते, आणि त्यामुळे फुप्फुसात शिरलेले विष त्याच वाहनावर बसून दूरच्या अवयवांपर्यंत पोचू शकते. म्हणून "जितके ग्लुटाथायोन तितके चांगले" हे जाहिरातीतले वाक्य अडाणीपणाचे तरी आहे किंवा लबाडीचे तरी. मला दुसरीच शंका अधिक येते.

क्रीममध्ये पारा घालतात तो काय म्हणून? रंग घडवणाऱ्या विकराला तो जायबंदी करतो म्हणून. स्वस्त, झटपट आणि आठ-पंधरा दिवसांत फरक दाखवणारा. आपल्याकडच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी डोळ्यांभोवती लावायच्या वस्तू वगळता इतर प्रसाधनांत नकळत आलेला पारा दहा लाख भागांत एका भागाच्या वर नसावा असे ठरवले आहे. मिनामाताच्याच नावाने 2013 साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारावर आपल्या देशाने 2018 मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली. कागद असा चोख आहे. 2023 साली विदर्भातल्या एका घरातील आई आणि तिच्या दोन मुली मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडल्याची बातमी आली; तिघींत समान काय, तर स्थानिक ब्यूटी पार्लरमधले क्रीम, आणि त्यात पारा. बातमी दोन दिवस गाजली. मग लग्नसराई सुरू झाली.

आई आणि मुली एकाच डबीतून क्रीम लावत होत्या, ह्या एका गोष्टीपाशी मी थबकते. पार्लरवाली दोषी आहेच, पाऱ्याचा पुरवठा करणारा तिच्याहून अधिक. पण डबी घरात आली ती उंबरठा ओलांडून. पत्रिकेत "गोरी, सुस्वरूप" छापणारे हात, बारशाला पाळण्यात वाकून "आईवर गेली नाही हो, रंगाने" म्हणणारी तोंडे आपल्याच फराळाच्या ताटाभोवती बसलेली असतात. रंग ही ज्याची त्याची आवड, असे म्हणून हात झटकता आले असते, जर ती आवड कधी मुलीला विचारून ठरली असती.

मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या एका रुग्णालयात 2021 ते 2023 ह्या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे 22 रोगी आले. त्यांपैकी 15 जणांत त्या विकाराचा एरवी विरळा आढळणारा प्रकार निघाला, आणि त्या 15 पैकी 13 जणांनी गोरेपणाचे क्रीम वापरत असल्याचे सांगितले. लघवीला फेस येतो आणि पायांना सूज येते म्हणून ते आले होते. कातडीच्या तक्रारीसाठी कोणीच आले नव्हते. बहुतेकांचे दुखणे क्रीम बंद केल्यावर हळूहळू उतरले. तुमच्या घरात अशी डबी असेल, तर ती उलटी करून तिच्यावर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी छापली आहे का, ते आजच पाहा. आणि घरातल्या कोणाच्या पायावर बोट दाबले असता खळगा राहत असेल, तर डबीसकट त्या माणसाला डॉक्टरकडे न्या.